खाटेला कार्ड, गोळीला खिसा

नेसरीकडच्या घरात ‘कागदपत्रं आणा’ म्हटलं की एक प्लॅस्टिकची पिशवी बाहेर येते. तिच्यात केशरी किंवा पिवळं रेशनकार्ड असतं, घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं असतात, अलीकडे आयुष्मान कार्डाची भर पडली आहे. कुणाकडे बांधकाम कामगाराचं कार्ड, कुणाकडे ई-श्रमचं, सत्तरी ओलांडलेल्यांकडे वयवंदना कार्ड. ही अख्खी पिशवी घेऊन मेडिकलमध्ये जावं आणि महिन्याच्या बीपीच्या गोळ्या मागाव्यात. तिच्यातलं एकही कार्ड तिथे चालत नाही. मेडिकलवाला फार तर ओळखीखातर बिलातले दहा-वीस रुपये सोडतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘आज निम्म्याच द्या, बाकीच्या पुढच्या बाजाराला नेतो.’

या निम्म्या पाकिटामागे एक मोठा हिशेब आहे. औषधाची किंमत कोण ठरवतं, सवलत कशातून निघते आणि ती ज्याला हवी त्याच्यापर्यंत का पोहोचत नाही, असा तो हिशेब.

नेसरीचं नाव मराठी माणसाला २४ फेब्रुवारी १६७४ या तारखेमुळे ठाऊक असतं. सरनोबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा स्वार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ते इथे. त्यांचं स्मारकही इथेच आहे. रोजच्या व्यवहारात मात्र नेसरी हे गडहिंग्लज तालुक्यातलं, गडहिंग्लज–चंदगड रस्त्यावरचं बाजारगाव. आसपासच्या वाड्यावस्त्यांचा दवाखाना, बँक, खत-बियाणं, मेडिकल सगळं इथलं. ग्रामीण रुग्णालय गावातच आहे. आजार वाढला की गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय, त्याहून वाढला की कोल्हापूरचं सीपीआर, नाही तर जवळ पडतं म्हणून बेळगाव. या पट्ट्यातली तरुण माणसं पिढ्यानपिढ्या मुंबईला आणि सैन्यात गेली. मागे राहिलेल्या घरांत वयस्कर माणसं जास्त, आणि वयस्कर माणसांच्या घरात बीपी, शुगर, थायरॉईडच्या गोळ्यांची पाकिटं जास्त. ही औषधं आठवड्याची नसतात, जन्माची असतात.

कार्ड कुठे चालतं

महाराष्ट्रात सरकारी आरोग्य विम्याची सुरुवात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत झाली, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने. पुढच्या वर्षी ती राज्यभर पसरली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत आली आणि दोन्हींची सांगड घातली गेली. आज रेशनकार्डाचा रंग न पाहता राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि यादीत तेराशेहून जास्त उपचार आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं दार उघडलं. हे काम लहान नाही. ज्या घरात पूर्वी बायपाससाठी शेत गहाण पडायचं, तिथे आता आरोग्यमित्राच्या टेबलावर अंगठा लावून काम होतं.

पण ही सगळी रचना खाटेभोवती बांधलेली आहे. माणूस भरती झाला की कार्ड जागं होतं, घरी आला की झोपतं. आयुष्मान योजनेत घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचं औषध धरलेलं आहे. सोळाव्या दिवसापासून रुग्ण पुन्हा मेडिकलचं गिऱ्हाईक. हृदयाच्या रुग्णाचंच पाहा. अँजिओप्लास्टी योजनेतून होते, स्टेंट कार्डावर बसतो. तो स्टेंट उघडा ठेवणारी, रक्त पातळ करणारी गोळी मात्र खिशातून घ्यायची, आणि तिच्या जोडीला कोलेस्टेरॉलची, बीपीची. पैशाची ओढाताण झाली की आधी बंद पडतात त्या ह्या गोळ्या, कारण त्या न घेतल्याने त्या दिवशी काहीच दुखत नाही. मग स्टेंट बंद पडतो, माणूस पुन्हा भरती होतो आणि कार्ड पुन्हा चालू होतं. रोजच्या काही रुपयांच्या गोळ्या देणं ज्या व्यवस्थेला जमत नाही, तीच पुढे लाखभराचं बिल बिनतक्रार भरते.

देशपातळीवरचे आकडे सुधारलेले आहेत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. तरीही शंभरातले जवळपास चाळीस रुपये माणूस स्वतः मोजतो, आणि भरती न होता घेतलेल्या उपचारांत या पैशाचा सर्वांत मोठा तुकडा औषधांवर जातो. डॉक्टरची फी एकदा असते, पाकीट दर महिन्याला.

आणखी एक सवलत कागदावर आहे, आणि ती सगळ्यांत मोठी आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रुग्णालयं, उपजिल्हा रुग्णालयं त्यात आली. सीपीआरसारखी, वैद्यकीय शिक्षण विभागाकडची रुग्णालयं त्या निर्णयाबाहेर राहिली. म्हणजे नेसरीच्या ग्रामीण रुग्णालयात तपासणीला आणि औषधाला पैसे पडायचे नाहीत. गोळी तिथे असली, तर. गोळी संपली की चिठ्ठीवर बाहेरच्या दुकानाचा रस्ता लिहिला जातो आणि ‘मोफत’ या शब्दाची किंमत छापील किमतीइतकी होते.

खरोखर चालणारी एक सवलत या पट्ट्यात रोज दिसते, ती एसटीत. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. त्यामुळे नेसरीहून गडहिंग्लजला स्वस्त गोळ्यांच्या दुकानापर्यंत जायला पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना काही पडत नाही, त्याहून लहान आजींना निम्मं पडतं. दुकानात शिरल्यावर मात्र दोघांनाही कसलाच नियम नाही. एसटीची सवलत सगळ्यांना ठाऊक आहे, सगळ्यांना सारखी आहे आणि कंडक्टरच्या मर्जीवर नाही. औषधाच्या सवलतीबद्दल यातलं एकही वाक्य लिहिता येत नाही.

शंभर रुपयांच्या पाकिटात काय असतं

मेडिकलच्या पाटीवर कुठे ‘१० टक्के सूट’ असतं, कुठे २०, जेनेरिकच्या दुकानात ८० टक्क्यांपर्यंतही. गिऱ्हाईकाला वाटतं, पहिला कंजूष आणि दुसरा उदार. हिशेब निराळा आहे.

नेहमीच्या कंपनीच्या, डॉक्टरांनी नाव लिहून दिलेल्या औषधावर किरकोळ दुकानदाराला साधारण १६ ते २० टक्के सुटतात. सरकारी दरनियंत्रणातल्या औषधावर दुकानदाराचा वाटा १६ टक्के धरलेला आहे आणि स्टॉकिस्टचा ८. नियंत्रणाबाहेरच्या औषधांवर व्यापाराच्या प्रथेने २० आणि १०. समजण्यापुरतं धरू, १०० रुपये छापील किमतीचं पाकीट दुकानदाराला ८० ला पडलं. त्याने १० टक्के सोडले तर त्याच्याकडे १० रुपये उरतात. त्यातूनच भाडं, फार्मासिस्टचा पगार, फ्रीजचं वीजबिल आणि मुदत संपलेला माल. खेड्यातला दुकानदार याहून जास्त सोडू शकत नाही. कंपनीची ‘दहावर एक’ अशी स्कीम असली तर त्याला थोडं जास्त सुटतं, पण ती स्कीम चिठ्ठीपर्यंत उतरत नाही.

आता दुसरं पाकीट. हेच औषध एखादी कंपनी विक्री प्रतिनिधींचा ताफा न पाठवता, डॉक्टरकडे न जाता थेट स्टॉकिस्टमार्फत दुकानात पाठवते. यावरही कंपनीने ठेवलेलं नाव असतं, छापील किंमतही बड्या कंपनीच्या आसपास, धरू १०० रुपयेच. दुकानदाराला मात्र ते ३० ला मिळतं. त्याने गिऱ्हाईकाला ४० टक्के सूट देऊन ६० ला विकलं तरी त्याला ३० सुटतात. गिऱ्हाईक खूश, दुकानदार पहिल्या पाकिटापेक्षा तिप्पट खूश. गोळी ३० ला दुकानात पोहोचली होती आणि गिऱ्हाईकाने ६० मोजले, हे कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण नजर १०० या आकड्यावर खिळलेली असते.

तिसरं उदाहरण खिशाला अधिक जाणवणारं आहे. शुगरवरच्या एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं. मूळ कंपनीची गोळी साठेक रुपयांना एक पडत होती. पेटंट संपताच अनेक भारतीय कंपन्यांनी तेच औषध दहा रुपयांच्या आसपास, काहींनी त्याहून कमी किमतीत बाजारात आणलं. आदल्या महिन्यापर्यंत या गोळीवर कुणी २० टक्के सूट दिली असती तर ती ४८ रुपयांना पडली असती आणि घेणाऱ्याने आभार मानले असते. स्पर्धा सुरू झाल्यावर कळलं, ती गोळी दहात बनवून, वाहतूक करून, नफा ठेवूनही विकता येते.

म्हणून मोठ्या सवलतीची पाटी दिसली की आनंदाबरोबर एक शंका यायला हवी. सवलत जितकी मोठी, तितकी छापील किमतीत हवा जास्त. ही हवा केवळ दुकानात नसते. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा औषधं आणि किरकोळ वैद्यकीय साहित्यावरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. भरती रुग्णाच्या नातेवाइकाला ‘आमच्याच मेडिकलमधून घ्या’ म्हणतात, त्याचं कारण या एका आकड्यात आहे.

एकाच कायद्याखाली ऊस आणि गोळी

नेसरीच्या शेतकऱ्याला भावाचं गणित कुणी शिकवायला नको. हरळी, हलकर्णी, राजगोळी या कारखान्यांचा दर त्याला पाठ असतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरवली, हे तो सांगेल. उतारा एक दशांशाने घसरला की किती कापतात, तेही सांगेल. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत कितीची मागणी झाली, हे तर चहाच्या टपरीवरचं ज्ञान आहे.

उसाचा किमान दर ज्या कायद्याच्या आधाराने ठरतो तो १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश त्याच्यातून आला. बीपीच्या गोळीची कमाल किंमतही याच कायद्याच्या पोटात ठरते. त्यासाठीचा आदेश म्हणजे औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३. एकाच कायद्याची दोन पोरं. एक शेतकऱ्याला यापेक्षा कमी देऊ नका म्हणतं, दुसरं रुग्णाकडून यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणतं.

फरक पुढे आहे. उसाचा दर ठरवताना कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्च मांडतो: नांगरट, बियाणं, खत, मजुरी. औषधाचीही किंमत एके काळी अशीच मांडली जायची. १९९५ च्या आदेशात ७४ मूळ औषधं नियंत्रणात होती आणि गोळी बनवण्याच्या खर्चावर ठरावीक टक्के चढवून किंमत काढत. २०१३ ला ही पद्धत मोडली. आता अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधाच्या, बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या सगळ्या ब्रँडच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढतात, त्यावर दुकानदाराचे १६ टक्के चढवतात, आणि ती झाली कमाल किंमत. म्हणजे बाजार महाग असेल तर कमाल किंमतही महाग. उसाला हीच पद्धत उलटी लावली असती, कारखाने देतात त्याची सरासरी काढून तीच एफआरपी म्हटली असती, तर कोल्हापूर जिल्ह्यात एक ट्रॅक्टर रस्त्यावर धावला नसता. औषधाच्या बाबतीत ते झालं आणि रस्ते मोकळे राहिले.

आक्षेप घेणारे होते. ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क आणि त्याच्यासोबतच्या संस्थांनी २००३ पासून सर्वोच्च न्यायालयात औषधांच्या किमतींचा प्रश्न लढवला. बडोद्याची लोकॉस्ट ही संस्था १९८३ पासून दर्जेदार औषधं स्वस्तात बनवून दाखवत आली. पुण्याचे डॉ. अनंत फडके यांच्यासारख्यांनी मराठीत वर्षानुवर्षं हा विषय लावून धरला. त्याही आधी, १९७५ मध्ये, जयसुखलाल हाथी समितीने ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने काढून औषधं मूळ नावाने विकावीत अशी शिफारस केली होती. पन्नास वर्षं झाली, चिठ्ठीवर अजून ब्रँडच असतो.

नियंत्रणाच्या यादीतही एक पळवाट आहे. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ३८४ औषधं आहेत. शुगरची एक गोळी यादीत असते. तिच्यात दुसरं औषध मिसळून ‘एकात दोन’ गोळी केली की ती बहुतेक वेळा यादीबाहेर पडते. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनीने ठरवायची आणि वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवायची, एवढंच बंधन. यादीतल्यांनाही घाऊक महागाई निर्देशांकाची वाढ मिळते: एप्रिल २०२२ ला १०.७७ टक्के, एप्रिल २०२३ ला १२.१२ टक्के. महागाई उतरली तशी २०२४ ला ती जवळपास शून्य झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे करासह ११२ रुपयांचं पाकीट १०५ ला मिळायला हवं. ही घट खरी आणि सगळ्यांना लागू आहे. तिच्यासाठी कुणाला कार्ड काढावं लागलं नाही.

जनऔषधी: हेतू चांगला, अंतर लांब

२५ नोव्हेंबर २००८ ला अमृतसरच्या सिव्हिल हॉस्पिटलात पहिलं जनऔषधी केंद्र उघडलं. कल्पना सरळ होती: सरकारने एकगठ्ठा औषधं विकत घ्यायची, प्रयोगशाळेत तपासायची आणि ब्रँडचा खर्च वजा करून मूळ नावाने विकायची. पहिली काही वर्षं गाडी रुतली. मार्च २०१४ पर्यंत देशात जेमतेम ८० केंद्रं चालू होती. नंतर वेग आला. नोव्हेंबर २०२३ ला दहा हजारावं केंद्र देवघरच्या एम्समध्ये सुरू झालं, जानेवारी २०२५ पर्यंत संख्या पंधरा हजारांवर गेली. यादीत दोन हजारांहून जास्त औषधं आहेत. किंमत ठरवण्याचा नियम असा, की बाजारातल्या पहिल्या तीन ब्रँडच्या सरासरीच्या निम्म्याहून जास्त घ्यायची नाही. प्रत्यक्षात पुष्कळ औषधं त्याहूनही खूप स्वस्त मिळतात. महिन्याला औषधांवर हजार-दीड हजार खर्चणाऱ्या घरासाठी हा फरक पगारवाढीइतका असतो.

अडचणी दुकानाच्या आत आणि बाहेरही आहेत. आतली अडचण साठ्याची: पाचपैकी तीन गोळ्या मिळतात, दोन नसतात, आणि दोन गोळ्यांसाठी पुन्हा जुन्याच मेडिकलला जावं लागलं की माणूस पाचही तिथेच घेतो. बाहेरची अडचण चिठ्ठीची. वैद्यक परिषदेने २०१६ पासून डॉक्टरांना मूळ नावाने, सुवाच्य अक्षरात औषध लिहायला सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने हा नियम कडक करून पाहिला आणि डॉक्टरांच्या संघटनांच्या विरोधानंतर तीन आठवड्यांत नवी नियमावली स्थगित केली. दुसरीकडे औषध नियमावलीतला ६५व्या नियमाचा एक पोटनियम फार्मासिस्टला बांधून ठेवतो: शेड्यूल एचमधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या, औषधाच्या चिठ्ठीवर जो ब्रँड असेल त्याऐवजी दुसरं काही द्यायचं नाही, आत तेच औषध असलं तरी. म्हणजे डॉक्टर ब्रँड लिहितो, फार्मासिस्टला बदलायची मुभा नाही, रुग्णाला कळत नाही. तिघांपैकी पैसे देणारा तिसराच असतो.

स्वस्त म्हणजे हलकं?

‘स्वस्ताची गोळी लागू पडत नाही’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. महाराष्ट्राला औषधातल्या विषाची आठवण आहे. जानेवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले; न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी करताना सरकारी खरेदी आणि औषध प्रशासन दोघांनाही उघडं पाडलं. अलीकडे राज्यातल्या काही सरकारी रुग्णालयांत बनावट प्रतिजैविकं पोहोचल्याची प्रकरणंही गाजली. त्यामुळे भीती बिनबुडाची नाही, पण तिचा रोख चुकीच्या दिशेला आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा परिसरात वीसहून अधिक मुलांचा जीव घेणारं खोकल्याचं औषध कोल्ड्रिफ या ब्रँडच्या नावानेच विकलं जात होतं. तेव्हा ब्रँडच्या नावात सुरक्षितता नसते आणि मूळ नावात धोका नसतो. धोका न तपासलेल्या मालात असतो.

तपासणीचे नियम सुधारत आहेत. २०१७ पासून सहज न विरघळणाऱ्या वर्गातल्या पोटात घ्यायच्या नव्या जेनेरिक औषधांना, रक्तात ती मूळ औषधाइतकीच पोहोचतात हे सिद्ध करणं बंधनकारक झालं. कारखान्यांच्या दर्जाचे नियम, म्हणजे शेड्यूल एम, डिसेंबर २०२३ मध्ये नव्याने लिहिले गेले. नियम पाळले जातात की नाही, हे पाहणारे औषध निरीक्षक मात्र पुरेसे हवेत. स्वस्त औषधावर लोकांचा विश्वास जाहिरातीने बसत नाही, नमुने तपासून निकाल जाहीर केल्याने बसतो.

अमेरिकेतलं कार्ड

औषधाच्या सवलतीचं खरंखुरं कार्ड पाहायचं तर अमेरिकेत जावं लागतं. या पट्ट्यातली शिकलेली मुलंही आता तिथे आहेत आणि त्यांना भेटायला निघालेले आईवडील सहा महिन्यांच्या गोळ्या, चिठ्ठीसकट, बॅगेत भरून नेतात, कारण पाहुण्याच्या प्रवासी विम्यात जुन्या आजाराची रोजची औषधं सहसा बसत नाहीत. तिथे औषधाची यादीतली किंमत औषध कंपनी ठरवते, आणि विमा कंपन्यांच्या वतीने मध्यस्थ तिच्यावर घासाघीस करतात. यादीतली किंमत मुद्दाम उंच ठेवायची आणि मागच्या दाराने परतावा द्यायचा, अशी रीत. मग विमा नसलेला, म्हणजे बहुधा सर्वांत गरजू माणूस, पूर्ण उंचीची किंमत मोजतो. त्याच्यासाठी सवलत कार्डं निघाली. २००४ मध्ये सरकारने वृद्धांसाठी मान्यताप्राप्त कार्डं काढली. गरीब वृद्धांना त्यावर वर्षाला ६०० डॉलर जमा मिळत. ती तात्पुरती सोय होती, जानेवारी २००६ मध्ये वृद्धांच्या विम्यात औषधं आल्यावर ती संपली. २०११ मध्ये निघालेल्या गुडआरएक्ससारख्या खासगी कंपन्यांनी हेच कार्ड फोनवर आणलं. ते फुकट मिळतं. कंपनी कमावते ती मध्यस्थांकडून येणाऱ्या वाट्यावर. फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातदारांपर्यंत पोहोचवल्याच्या आरोपावरून गुडआरएक्सने १५ लाख डॉलरचा दंड मान्य केला.

या कथेतून घ्यायचा धडा सरळ आहे. किंमत आधी फुगवलेली असते म्हणूनच कार्डाला काम मिळतं. आपल्याकडेही ‘मोबाइल नंबर सांगा, पॉइंट जमा होतील’ असं काउंटरवर विचारतात, औषधांची अॅप पहिल्या ऑर्डरवर भरघोस सूट देतात. शुगर कुणाला आहे, गोळी कधी संपते, ही माहिती त्या नंबराला चिकटते. सवलतीचे पैसे कुणीतरी कुठून तरी वसूल करतंच.

नेसरीला काय मागता येईल

कोल्हापूर जिल्ह्याची एक जमेची बाजू आहे: इथे गावात विकास सेवा सोसायटी असते आणि तिचे सभासद वार्षिक सभेत हिशेब विचारतात. २०२३ मध्ये केंद्राने देशातल्या दोन हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांना जनऔषधी केंद्र चालवायची मुभा दिली. खत विकणाऱ्या सोसायटीला फार्मासिस्ट नेमून औषध विकता येईल. साठ्याची अडचण तिथेही राहील, पण कोणती औषधं लागतात, किती घरांना लागतात, याची यादी सोसायटीइतकी सहज दुसऱ्या कुणाला करता येणार नाही. परिसरातल्या सोसायट्यांनी मिळून एक केंद्र उभं केलं तर गडहिंग्लजची फेरीही वाचेल.

त्याहून मोठी मागणी ग्रामीण रुग्णालयाकडे करायची आहे. रक्तदाबाचा कार्यक्रम देशात २०१७ पासून चालू आहे; महाराष्ट्रात तो सुरू झालेल्या पहिल्या जिल्ह्यांत आंबोली घाटाखालचा सिंधुदुर्ग होता. त्याची पद्धत अवघड नाही: मोजक्या औषधांचा ठरलेला क्रम, रुग्णाची नोंद, आणि प्रत्येक भेटीत तीस दिवसांच्या गोळ्या. अशी मोफत गोळी नियमित मिळाली तर कोणतंही सवलत कार्ड तिच्यापुढे फिकं आहे. तमिळनाडूने १९९४ मध्ये सरकारी औषध महामंडळ काढून खरेदी आणि साठा एका शिस्तीत आणला. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत औषध मोफत दिलं. महाराष्ट्राने खरेदी २०१७ मध्ये हाफकिनकडे दिली, तिथे ती रेंगाळली, आणि २०२३ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. ते प्राधिकरण किती चालतं, हे मुंबईतल्या बैठकीत कळणार नाही. ते नेसरीच्या औषध खिडकीवर कळेल.

म्हणून विचारायचे प्रश्न साधे आहेत. ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीला विचारावं: बीपी आणि शुगरच्या कोणत्या गोळ्या आज शिल्लक आहेत, आणि किती दिवस पुरतील? ते खिडकीबाहेर फळ्यावर लिहिता येईल का? डॉक्टरांना विचारावं: या औषधाचं मूळ नाव चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहाल का? मेडिकलमध्ये दरपत्रक मागावं. ते दिसेल असं ठेवण्याची तरतूद २०१३ च्या आदेशातच आहे. सरकारचं फार्मा सही दाम हे अॅप फोनमध्ये असलं तर यादीतल्या औषधाची कमाल किंमत घरबसल्या पडताळता येते. आणि लोकप्रतिनिधींना विचारावं: उसाचा दर काढताना उत्पादन खर्च मांडता, मग गोळीच्या किमतीत तो का मांडत नाही?

शेवटचा प्रश्न विचारायला या भागातल्या माणसाला अवघड जाऊ नये. कारखान्याच्या दारात उभं राहून त्याने कधी ‘मेहेरबानी करून चार पैसे जास्त द्या’ असं म्हटलेलं नाही. त्याने दर मागितला, दराचा हिशेब मागितला, आणि त्यासाठी वाहनं अडवली. मेडिकलच्या काउंटरवर मात्र तोच माणूस सूट मिळेल का म्हणून विचारतो आणि मिळाली की उपकार मानतो. औषधालाही दरच मागायला हवा.